कोड्याचं वाण

प्रमेयबाईंच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कोडं मिळायचं. ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत बाकीच्या बायका स्टीलची वाटी, चहाची गाळणी असं काहीतरी द्यायच्या. बाई मात्र तिळगूळ हातावर ठेवून कानात कोडं सांगायच्या. वर बजावायच्या, "नवऱ्याला विचारायचं नाही. वाण बायकांचं आहे."

त्या डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवत, मलाही शिकवायच्या. प्रमेयबाई हे नाव आम्ही मुलींनी ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुतेक आवडायचंही. त्यांचे यजमान रेल्वेत होते. हळदीकुंकवाच्या दिवशी ते निमूटपणे स्वयंपाकघरात मसाला दूध ढवळत बसायचे. विधवा बायकांनाही बाई आग्रहाने बोलवायच्या. कुणी कुजबुजलं की म्हणायच्या, "नवरा असण्याचा आणि गणिताचा काय संबंध?"

कोड्यानंतर गोष्ट असायची, तीही गणित करणाऱ्या बाईचीच. कधी फ्रान्समधली ती मुलगी, जिने अभ्यास करू नये म्हणून आईबापांनी मेणबत्त्या काढून घेतल्या. मोठी झाल्यावर ती पुरुषाचं नाव घेऊन विद्वानांना पत्रं लिहायची. कधी रशियातली ती, जिला एकटीला शिकायला परदेशी जाता येईना, म्हणून तिने नावापुरतं लग्न केलं. त्यावर जोशीकाकू म्हणाल्या, "शिकायला नेलं म्हणजे नवरा बराच म्हणायचा." बाई सगळ्यात जास्त हसल्या.

एका संक्रांतीला कोडं होतं, गोल थालीपिठाला तीन सरळ काप दिले तर जास्तीत जास्त तुकडे किती? जोशीकाकूंनी जागीच सहा सांगून टाकले. माझी आई सातवीपर्यंत शिकलेली. त्या दिवसापासून घरी रोज थालीपीठ व्हायला लागलं. बाबा बिचारे ते तुकडे खाऊन कंटाळले. शेवटी तिला सापडलं. तिसरा काप आधीच्या दोन्ही कापांना छेदून, पण त्यांच्या मधल्या फुलीला चुकवून न्यायचा, म्हणजे सात होतात. ती लगबगीने बाईंकडे गेली आणि तिथेच विचारून बसली, "आणि चौथा काप दिला तर?" बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "उत्तर पुष्कळांना येतं हो. पुढचा प्रश्न पडावा लागतो." आई घरी आली ती गाणं गुणगुणत.

पुढे काही वर्षांनी मी बी.एस्सी. झाले. मला पुण्याला जाऊन गणितातच एम.एस्सी. करायचं होतं, आणि बाबांनी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून ठेवलेली. मी बाईंना मध्यस्थीला बोलावलं. बाबा त्यांना अदबीने म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मुलीने एवढं गणित शिकून करायचं काय?" बाई एरवी कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या, पण त्या दिवशी गप्पच राहिल्या. मला त्यांचा राग आला. त्या नुसत्या आईकडे बघत होत्या.

आई दारात उभी होती. म्हणाली, "अहो, थालिपिठावर जमलं तेवढं गणित मी एकटीने केलं. हिच्या वयात पुढचं दाखवायला माणूस असतं तर अजून केलं असतं. हिला माणसं मिळतायत, तर जाऊ दे." बाबांनी चहा गार होऊ दिला. चार दिवसांनी माझी फी भरायला तेच पुण्याला गेले.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाईंच्या पाया पडायला गेले. मनातला राग बोलूनही दाखवला. बाईंनी माझे खांदे धरून मला उभं केलं.

"माझंही एम.एस्सी. ठरलं होतं गं. वडील नको म्हणाले. माझ्या बाजूने भांडायला शेजारचे मास्तर आले, मामा आला. माझी आई तेवढी गप्प राहिली. तिने कधी गणित करूनच बघितलं नव्हतं, ती बोलणार कशावर? मुलींना मी शाळेत शिकवतेच की. पण परवानगी घरून मिळते. जा, आईच्या पाया पड."

मी घरी आले. आई माझ्यासाठी दशम्यांचं पीठ मळत होती. मी वाकले तशी म्हणाली, "अगं थांब, हात पिठाचे आहेत." मी थांबले नाही.