सिद्धेश्वरीची पुरवणी परीक्षा

सिद्धेश्वरी एका प्रश्नावर नापास झाली. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या, शेवटच्या वर्षाचे लेखी पेपर बरे गेले होते. प्रात्यक्षिकात पेशंटचं अंग पुसणं, नाकातून नळी घालणं, सलाइन लावणं, सगळं नीट पार पडलं होतं. शेवटी तोंडी परीक्षेला बसलेल्या मॅडमनी विचारलं, "पेशंट गेल्यावर शेवटची तयारी कशी करतात, सांग."

तिनं सुरुवात केली. पडदे ओढायचे. हातमोजे घालायचे. नळ्या काढायच्या, डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची. "मग अंगावरच्या वस्तू..." इथवर आली आणि तिची वाचाच बसली. मॅडमनी वाट पाहिली, पाणी पुढं केलं. ती उठून बाहेर गेली आणि पुन्हा आत आलीच नाही.

परीक्षेच्या आधीच्याच महिन्यात तिचे वडील गुरुलिंग, ती शिकत होती त्याच इस्पितळात वारले होते. अक्कलकोटकडच्या गावात त्यांची पिठाची गिरणी. आयुष्यभर पीठ छातीत गेलेलं, शेवटी ऑक्सिजनवरही श्वास पुरेना. सिद्धेश्वरीची ड्युटी नेमकी त्याच वॉर्डात होती. अप्पा पहाटे गेले. सिस्टर म्हणाल्या, "तू बाहेर जा, बाई. वॉर्डातल्या मावशी करतील." तिनं ऐकलं नाही. पडदा ओढून तिनं स्वतःच्या हातांनी बापाची तयारी केली.

पास झाल्याशिवाय नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून कुणी उभं करत नाही. शहरातल्या नवी पेठेमागच्या एका खोलीत ती पुरवणी परीक्षेची वाट बघत राहिली. सोबत सांगोल्याची दिपाली होती, तिच्याच वर्गातली. ती पास होऊन कामाला लागली होती. सिद्धेश्वरी पुस्तक उघडायची आणि ओळी नुसत्या डोळ्यांखालून जायच्या. खाल्लेलं पोटात टिकायचं नाही. वेणी घालताना केसांचा पुंजका हातात यायचा. इस्पितळाच्या रस्त्यानं रिक्षा निघाली तरी ती मध्येच उतरायची.

दिपालीच्या घरी मेंढरं. ती मऊ बोलणारी नव्हती. भाजी चिरताना, बाजारात, कुठंही ती तोच प्रश्न टाकायची, "पेशंट गेला. पुढं काय?" सिद्धेश्वरी त्याच पायरीवर अडायची. दिपाली पुढचं वाक्य कधी सांगायची नाही.

एकदा नवी पेठेतल्या गर्दीतनं जाताना तिनं असंच विचारलं, तशी सिद्धेश्वरी एका बंद दुकानाच्या पायरीवर खाली बसली.

"मी इष्टलिंग काढलं नाही गं," ती म्हणाली. "अप्पांच्या गळ्यातलं. सिस्टरनी सांगितलं होतं, अंगावरचं सगळं काढून नातेवाइकाची सही घे. नातेवाईक मीच की. पण आमच्यात लिंग माणसाबरोबर मातीत जातं, माझा हातच गेला नाही तिथं. वरनं चादर ओढली आणि सगळं काढलं म्हणून सांगितलं."

"आईला ठाव हाय?"

"अव्वाला वाटतंय, मावशींनीच सगळं केलं."

दिपाली तिच्याशेजारी बसली. लोक वळून बघत होते. "मग आदी तिला सांग," ती म्हणाली. "मला सांगून काय उपेग न्हाय."

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरी गावी गेली. तिची आई गंगम्मा आता एकटीच गिरणी चालवत होती. भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसलेलं. लेकीला बघताच म्हणाली, "ऊट माड. आधी जेव, मग बोल." सिद्धेश्वरीनं ताटाला हात न लावता सगळं सांगितलं.

गंगम्मानं हातांवरचं पीठ झटकलं. "मातीत ठेवताना बघितलं मी," ती म्हणाली. "लिंग गळ्यात होतं. दुसऱ्या कुणाचे हात असते तर आधीच निघालं असतं. मला तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." एवढं बोलून ती गिरणीकडं गेली. लोक डबे घेऊन खोळंबले होते.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पुरवणीच्या सकाळी सिद्धेश्वरीला दोनदा ओकारी झाली. दिपाली रात्रपाळी करून तशीच न झोपता तिला फाटकापर्यंत सोडायला आली. "हात थरथरणारच," ती म्हणाली. "थांबायची वाट बगू नगो. थरथरत्या हातानं कर."

या वेळी मॅडम वेगळ्या होत्या. त्यांनी इंजेक्शनचे डोस विचारले, रक्तदाबाचं विचारलं. एक उत्तर चुकलं. मग पुढ्यातला कागद बघून तोच प्रश्न विचारला.

सिद्धेश्वरीनं खुर्चीची कड घट्ट धरली. "अंगावरच्या वस्तू काढून, नोंद करून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायच्या," ती म्हणाली. "पण गळ्यात लिंग, ताईत असं काही असेल तर आधी नातेवाइकांना विचारायचं, मॅडम. ते म्हणाले ठेवा, तर ठेवायचं आणि तशी नोंद करायची."

मॅडमनी मान वर केली नाही. "पुढं," म्हणाल्या.

ती पुढं सांगत गेली. कापूस, चादर, नावाची चिठ्ठी. बाहेर आली तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटला होता. आपण बरोबर बोललो की चूक, तिला काहीच कळत नव्हतं.

निकालात ती काठावर पास झाली. नोंदणी झाली आणि शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं. दिपालीला तोवर पुण्यात नोकरी लागली होती, खोलीत आता दुसरीच मुलगी राहते. अव्वाला दम लागायला लागलाय. सिद्धेश्वरी फोन करून सांगते, तोंडाला फडकं बांध, गिरणी दुसऱ्या कुणाला चालवायला दे. गंगम्मा व्हय म्हणते आणि ऐकत नाही.

ड्युटीला निघताना सिद्धेश्वरी अजून काही खात नाही. ती जेवणाचा डबा नेते, पण उघडते वॉर्डातलं पहिलं काम उरकल्यावरच.