सज्जातला तोतया

कागद कारखान्यात रद्दी निवडणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘राजे’ म्हणायचे. रद्दीच्या गठ्ठ्यांतून तो जुन्या कादंबऱ्या उपसून काढायचा. नकाशावर नसलेली युरोपातली राज्यं, खंदकांचे किल्ले, तलवारबाजी आणि खऱ्या राजाच्या जागी गादीवर बसलेला तोतया, असल्या गोष्टींचं त्याला भारी वेड. बाकीची रद्दी लगद्याच्या हौदात जायची, ही पुस्तकं मात्र डब्याच्या पिशवीतून घरी.

नावाला आणखी एक कारण होतं. तो धाकट्या मालकांसारखा हुबेहूब दिसायचा. तेच नाक, तेच कपाळ. पॅकिंग खात्यात काम करणारी त्याची बायको म्हणायची, “चेहरा मालकाचा, नशीब हमालाचं. देवानं काम अर्ध्यातच सोडलं.”

त्या उन्हाळ्यात बॉयलरची नळी फुटली आणि तिथे काम करणाऱ्या तिच्या भावाचा हात खांद्यापर्यंत भाजला. नळी गळतेय म्हणून सांगून सांगून लोकांच्या तोंडाला फेस आला होता. तरी फुटली तेवढीच नळी बदलून बॉयलर पुन्हा पेटवला, तेव्हा कामगार अडून बसले: सगळ्या नळ्या बदलेपर्यंत बॉयलर बंद ठेवा. थोरले मालक परगावी होते. धाकट्यांनी ‘सकाळी सज्जात येऊन बोलतो’ असा निरोप धाडला, आणि आलेच नाहीत.

ऊन चढलं तशी फाटकाबाहेर गर्दी चढली. “पळाला! मालक पळाला!” फाटक गदागदा हलू लागलं. आतल्या बाजूला बंदूकवाले पोलीस उभे होते.

राजे गोदामाला कुलूप लावायला आत थांबला होता. मॅनेजरने त्याचं कोपर धरलं आणि त्याला थेट वरच्या कचेरीत नेलं. तिथे मालकांची बहीण, थोरल्या बाई, हातात धाकट्या भावाचा कोट घेऊन उभ्या होत्या.

“माझा भाऊ पहाटेच निघून गेला,” त्या म्हणाल्या. “हे बाहेर कळलं तर फाटक तुटेल. तुटलं तर गोळी चालेल. हा कोट घाल, सज्जात जा, हात वर कर आणि परत ये. तोंड उघडायचं नाही.”

“बाई, माझी बायको आहे त्या गर्दीत.”

“मग उशीर कशाला करतोस?”

पुस्तकातला तोतया एका ओळीत राजाचा पोशाख चढवतो. याला बाहीच सापडेना. शेवटी मॅनेजरने लहान पोराला घालावा तसा त्याला कोट घातला.

सज्जात पाऊल टाकलं आणि खालचा गलबला एकदम थांबला. राजेने हात वर केला.

“हात काय दाखवता? बोला की!” कुणीतरी ओरडलं. एक दगड सणसणत आला, मागची काच खळ्ळकन फुटली. पोलिसांनी बंदुका खांद्याला लावल्या.

फाटकाचे गज धरून अगदी पुढे त्याची बायको उभी होती. तिने वर पाहिलं. तिचं तोंड उघडलं. हिने ओळखलं! आता ही ‘अहो’ म्हणणार आणि सगळं संपणार.

तिने तोंड मिटलं, पण नजर हटवली नाही.

त्या नजरेसमोर नुसता हात हलवून आत जाणं त्याच्याच्याने होईना. “बॉयलर,” तो म्हणाला. आवाज इतका घोगरा निघाला की तो कुणाचाच वाटला नाही. “बॉयलर आत्ता बंद होईल. सगळ्या नळ्या बदलल्याशिवाय पेटणार नाही. हा माझा शब्द!”

कुणी हललं नाही. विश्वास ठेवावा की आणखी दगड उचलावा, कुणालाच कळेना. तेवढ्यात त्याची बायको गर्दीकडे वळली. “ऐकलंत ना? मालकांनी शब्द दिलाय! धुराड्याकडे बघत बसू. धूर थांबला नाही तर फाटक कुठं पळून जातंय? बसा खाली!” ती स्वतः तिथेच, मातीत बसली. मग पॅकिंगच्या बाया बसल्या. हळूहळू सगळेच बसले.

आत येताच मॅनेजरने त्याची गचांडी धरली. “कुणी सांगितलं होतं बोलायला? बाई, आत्ता शब्द मागे घेऊ.”

“कसा घेणार?” थोरल्या बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. “सज्जात कोण उभं होतं म्हणून सांगणार?”

मॅनेजरचा हात सुटला. बाईंनी फुटक्या काचेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “बॉयलर विझवायला सांगा.” आणि राजेकडे न बघता, “तू उद्यापासून इथे दिसता कामा नयेस.”

धुराड्यातला धूर विरळ होत गेला, थांबला. बाहेर लोक मालकांचा जयजयकार करत होते.

घरी आल्यावर बायकोने दार लावलं आणि इतका वेळ आवरून धरलेला राग बाहेर पडला. “गोळी लागली असती म्हणजे? पोलिसांनी ओळखलं असतं म्हणजे? काय समजता काय तुम्ही स्वतःला?” मग ती रडायला लागली. राजे भिंतीला टेकून बसला. नोकरी गेली हे त्याने बऱ्याच वेळाने सांगितलं.

नळ्या खरंच बदलल्या. धाकटे मालक परतले तेव्हा लोकांनी त्यांना हार घातले, आणि त्यांनी मान खाली घालून ते घेतले. राजे आणि त्याची बायको तोवर दुसऱ्या गावी गेले होते. तिथे एका छापखान्यात त्याला पुस्तकबांधणीचं काम मिळालं. हात बरा झाल्यावर मेहुणाही तिकडेच आला. त्याची बोटं पुरती मिटत नसत, पण पुठ्ठ्याला खळ लावण्यापुरता तो हात चालायचा.