माशासाठी ऊन पाणी

फायटर मासा नवऱ्याने आणला तो सासऱ्यांसाठी. सासूबाई गेल्यापासून ते दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचे. समोर काहीतरी हलतं असावं, एवढाच हेतू. काचेचं भांडं जेमतेम दोन तांबे पाण्याचं. दुकानदाराने बजावलं होतं, "पाणी कोमट राहू द्या. एकदम गार, एकदम गरम झालं की हा टिकत नाही."

सासऱ्यांनी ते फारच मनावर घेतलं. भिवंडीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत आमचं पत्र्याचं घर. पत्रा दुपारी तापायचा, पहाटे गारठायचा, आणि एवढंसं पाणी त्याच्याबरोबर वरखाली व्हायचं. त्यांनी जन्मभर लूमवर मिस्त्रीकाम केलेलं. त्यांनी भांड्याला गोणपाट गुंडाळलं, शेजारी बल्ब लावला. बदलायचं पाणी आदल्या दिवशीच त्याच खोलीत भरून ठेवायला लागले, म्हणजे दोन्ही सारखं. मला बरं वाटलं. माणूस कशात तरी रमला.

मग ते सारखं पाण्यात बोट बुडवू लागले. जेवता जेवता उठायचे.

"पानी गार हाय."

"बाबा, आत्ताच तर बघितलंत."

"कवा?"

मी हसायची. तेव्हा हसायची.

त्या हिवाळ्यात लोडशेडिंग वाढलं आणि बल्ब तासन्‌तास बंद राहू लागला. एकदा त्यांनी ट्रंकेतून पेल्यात घालून चहाचं पाणी तापवायची जुनी कॉइल काढली. वायर जागोजागी उघडी पडलेली. नवऱ्याने ती हिसकावून माळ्यावर टाकली. "बाबा, हिने माणूस मरेल."

"मला शिकवतोस? चाळीस वर्सं करंटबरोबर काढलीत."

जानेवारीतली सकाळ होती. दिवे गेलेले, सगळे लूम बंद. एरवी त्या खडखडाटात ओरडून बोलावं लागायचं. त्या दिवशी मोरीतल्या नळाचं ठिबकणं बाहेरच्या खोलीपर्यंत येत होतं. कपडे धुऊन मी ओल्या हातांनी बाहेर आले आणि भांड्यात ती कॉइल दिसली. वायर खाटेमागून बोर्डापर्यंत गेलेली. सासरे खुर्चीत बसून माशाकडे बघत होते. माळ्यावर ते कधी चढले, मला कळलंही नव्हतं.

मला संताप आला. दिवे नाहीत म्हणून बटणाकडे न बघता मी कॉइल उपसायला पाण्यात हात घातला.

मागच्या गल्लीतले लूम सुरू झाले.

आमच्याकडे नेहमी असंच व्हायचं. वीज आधी मागच्या गल्लीत यायची, मग एक-दोन श्वासांनी आमच्या. सात वर्षं ऐकत होते. विचार करायला वेळच नव्हता. हात आपोआप मागे आला आणि मी भिंतीवर आदळले. भांड्याशेजारचा बल्ब लागला. पाण्यात कॉइल बारीक सूं सूं करायला लागली. बटणाला हात लावायचा धीर होईना. मी लाटणं आणलं आणि लाटण्याच्या टोकाने बटण बंद केलं.

मासा तळाशी एका कडेला होता. जिवंत होता.

"बाबा, मी आत्ता मेले असते!"

ते उठून जवळ आले. कॉइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ही कोनी लावली?"

"तुम्ही. घरात दुसरं आहे कोण?"

"मी न्हाय. हिने मानूस मरल."

ते खोटं बोलत नव्हते. चोरून बिडी ओढल्यावरचा त्यांचा चेहरा मला पाठ होता. हा तो नव्हता.

"तुझ्या सासूने लावली असल," ते शांतपणे म्हणाले. "बाजारातून आली की इचार तिला."

आमच्या गल्लीतले लूम एव्हाना सुरू झाले होते. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. पण विचारलं नाही पुन्हा.

संध्याकाळी नवऱ्याला कॉइलचं सांगितलं. त्याने ती तोडून फेकली. सासूबाईंचं काही मी बोलले नाही. बोलले तर ते खरं होईल असं काहीतरी डोक्यात होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आंघोळीला गेले की मी काडेपेटी लपवायची, गॅसचं बटण दोनदा बघायची. नवऱ्याने विचारलं, तर उंदरांचं निमित्त सांगितलं.

पंधरवड्याने कोन गावातल्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना रिक्षातून घरी आणून सोडलं. कल्याण रस्त्याने अनवाणी चालत निघाले होते. कुठे जाताय विचारलं तर म्हणाले, ड्युटीला उशीर झालाय.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. "हे कधीपासून?"

मी त्याला खरं उत्तर दिलं नाही.