उलटा भाता

धुळाचा दिवस पहाटे साडेचारला, गिरणीच्या पहिल्या भोंग्याने सुरू व्हायचा. साडेपाचला तो कापूस पिंजायच्या खात्यात झाडू घेऊन यंत्राखाली वाकलेला असे. यंत्र थांबवायचं नाही, हात सांभाळायचा, आणि तंतू उडू न देता गोळा करायचे. उडाले की ते परत खाली बसतात आणि परत झाडावे लागतात. मी शेजारच्या यंत्रावर होतो. असं नीट झाडणारा दुसरा माणूस मी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नाही. पण दुपारपर्यंत त्याच्या भुवया पांढऱ्या होत आणि खोकला सुरू होई.

तो मैंदर्गीकडचा धनगर. मेंढरं रोगात गेली म्हणून सोलापुरात आला होता.

आमच्या गिरणीचा इंजिनिअर साहेब धूळ ओढणारी जुनी यंत्रं जमवी. वीज येण्याआधीची, हाताने चालवायची. लाकडी पेटी, आत कातडी भाता, वर दांडा, पुढे नळी. एकाने दांडा हलवायचा, दुसऱ्याने नळी गालिच्यावरून फिरवायची. लोहाराचा भाता फुंकतो, हा उलटा ओढायचा. ओढलेली हवा मागच्या भोकातून बाहेर जाई. बंगल्यांत वीज आली, साहेबलोक बदलून गेले आणि ही यंत्रं कुठेकुठे जाऊन पडली. ती शोधायचं काम साहेबाने धुळाला दिलं. खात्यात थट्टा सुरू झाली.

"धुळ्या, धूळ खानाऱ्या पेटीला तुजंच नाव दिलंया म्हनं!"

"माजं नाव धनगरांच्या देवाचं हाय," तो म्हणे. "तुजं कुनाचं?"

शोधायची त्याची रीत साधी होती. यंत्राचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो विचारी, "कशाची हाय ते कळत न्हाय, अशी पेटी कुटं हाय का?" अशी एक नाटक कंपनीच्या सामानात सापडली. तिची नळी हत्तीची सोंड म्हणून रंगवलेली होती. एकीत पाद्र्याच्या आवारात कोंबडी अंड्यावर बसली होती. करमाळ्याला एक आडत्या तिसरीवर बसून धान्य मोजून घेत होता. दर सुट्टीला धुळा पायी निघे, उचलायला मी बरोबर असे.

"बारा झाली की तुला तेलवाला करतो," साहेब म्हणाला होता. तेलवाल्याचं काम इंजिनाकडे, तंतूंपासून लांब. धुळाला दुसरं काही नको होतं. दोन वर्षांत अकरा झाली.

अठ्ठावीस सालच्या दिवाळीत एका गाडीवानाने सांगितलं, टेंभुर्णीला एक घिसाडी बाई पेटीने आग फुंकते. आम्ही गेलो. रंभाबाई गावाबाहेर झोपडीत एकटी राहायची. नवरा मेला होता. तिने यंत्राच्या मागच्या भोकाला लोखंडी नळी बसवून भट्टीत सोडली होती. पेटीवर खंडेनवमीचं हळदकुंकू होतं. दोन बायका विळे घेऊन थांबल्या होत्या.

"दोन मरद, आन् हातात इळा न्हाय?" रंभाबाई म्हणाली. "मंग धार काय जिभंला लावू?"

धुळाने पेटी विकत मागितली.

"ती माजी सवत हाय. न्हवरा गेला, ती ऱ्हायली. सवत कुनी इकतं व्हय?"

बायका हसल्या. धुळाला खोकला आला. तो थांबल्यावर धुळा म्हणाला, "बाई, ही पेटी सायबाच्या बंगल्यातनं चोरीला गेलीया. पोलिसात नोंद हाय."

घिसाड्यांसारख्या फिरत्या लोहारांवर चोरीचा आळ यायला तेव्हा वेळ लागत नसे. तिचं तोंड उतरलं.

"मी जुन्या बाजारात घेतलीया. दोन कुऱ्हाडी देऊन."

"त्ये पोलिसाला सांग."

बायकांनी आपापले विळे उचलले. रंभाबाईने नळी काढली, पदराने कुंकू पुसलं आणि पेटी आमच्याकडे सरकवली. धुळाने ती काठीला बांधली, मी काठीचं दुसरं टोक खांद्यावर घेतलं. तो खोटं बोलतोय हे मला माहीत होतं. मी एक शब्द बोललो नाही.

कुर्डुवाडी स्टेशन सहा कोस. पेटी अर्ध्या मणाची. एरवी धुळा पावलं मोजी आणि पाचशेला खांदा बदलायला सांगे. त्या दिवशी त्याने मोजली नाहीत. स्टेशनात पेटी टेकवल्यावर मी म्हणालो, "झाली की बारा."

"जोतीदा, तू का बोलला न्हाईस?"

"तू तरी का बोललास?"

त्याला जागा मिळाली. खोकला कमी झाला. बरं वाटतंय का, असं कोणी विचारलं की तो उठून जाई.

शिमग्याच्या सुट्टीत तो मला म्हणाला, "चल, उचलायचं हाय." नवा भाता होता. पुन्हा सहा कोस, या वेळी उलट्या दिशेने. रंभाबाईची भट्टी थंड होती. आम्हाला पाहताच ती आत गेली आणि हातोडा, सांडशी, ऐरण एकेक आणून समोर ठेवू लागली.

"घ्या. ह्ये बी सायबाचंच असंल की."

"पेटी चोरीची न्हवती, बाई," धुळा म्हणाला. "मी खोटं बोललो. ह्यो भाता घे."

तिने भात्याला हात लावला नाही. "भाता घिऊन काय तापवू? चोरटीकडं इळा कोन देतंय? मला काय सांगतुस? मला ठावं हाय. बाजारात जाऊन सांग."

तो बाजाराचाच दिवस होता. धुळाचा आवाज बारीक, गिरणीत तो कधी ऐकूच यायचा नाही. विळे-कोयते विकणाऱ्यांच्या ओळीत उभा राहून त्याने तीनदा सांगितलं, "रंभाबाई चोर न्हाय. मी खोटं बोललो. मला जागा पायजे हुती."

"मंग गावली का जागा?" कोणीतरी ओरडलं.

"व्हय," तो म्हणाला. "गावली."

लोक हसले. एक म्हातारी थुंकली. धुळाने मान खाली घातली नाही, आणि ते बघणं मला जड गेलं. शेवटी मी म्हणालो, "मी बी हुतो." माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी रंभाबाईने भाता आत ओढला. पाणी दिलं नाही. बसा म्हणाली नाही.

भाता चांगला होता. दोन बोकडांचं कातडं, सागाच्या फळ्या, पितळी खिळे. त्यासाठी धुळाने चार महिने एक वेळ जेवून काढले. तेलवाल्याच्या जागेचा त्याचा पहिला पगार आणि पुढचे तीन त्यात गेले.