सातही बटणं लावलेली

धुकं एवढं दाट पडलं होतं की समोरच्या सायकलवाल्याचं दुकान उघडं आहे की बंद, तेही खिडकीतून कळत नव्हतं. अशा हवेत मास्तरांची बोटं जास्तच हट्टाला पेटायची. रात्री मिटलेल्या मुठी सकाळी आपण होऊन उघडतच नसत. मग बायको कढत पाण्याची बादली पलंगापाशी ओढून आणायची, त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायची आणि पाणी निवत आलं की एकेक बोट सोडवायला बसायची. शेंगा सोलाव्यात तशी.

"आज करंगळी फारच रुसलीय," ती म्हणाली.

"तुझ्यावर गेलीय."

"मी एवढी वाकडी असते, तर केव्हाच माहेरी निघून गेले असते."

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. तीस वर्षं त्यांनी अर्ध्या गावाचे शर्ट शिवले. मग बोटांच्या सांध्यांत संधिवात शिरला, बोटं वाकडी झाली आणि कात्री हातातून सुटली ती सुटलीच. आता घराच्या पुढच्या खोलीत मशीन बायको चालवायची. मास्तर शेजारी स्टुलावर बसून कापड कसं टाकायचं ते सांगायचे आणि "टाका ओढतोय, टाका ओढतोय" म्हणून तिचं डोकं खायचे.

धुकं विरायच्या आत पोस्टमन दारात आला. एवढ्या गारठ्यातही त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"सरकारी आहे, मास्तर," म्हणत त्यानं पाकीट स्वतःच फोडून दिलं. तेवढं तो न सांगता करायचा.

अपंग भत्त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. बायकोनं मोठ्यानं वाचलं. "अर्जदार नीटनेटक्या पोशाखात हजर. शर्टाची सातही बटणं लावलेली. स्वतःचे कपडे स्वतः घालण्यास सक्षम."

मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती मशीनवर डोकं टेकून बसली, आणि डोकं वर केलं तेव्हा ती हसत नव्हती.

"तुमच्या शर्टानंच तुम्हाला बुडवलं."

बुडवलं होतं खरं. बोटांत शेवटचं बळ होतं तेव्हा मास्तरांनी एक सोडून आपले सगळे शर्ट उसवले होते. काजं शिवून बंद केली, बटणं बरोब्बर त्या बंद काजांवर टाकली आणि पट्टीच्या आत वेल्क्रो लावला. वरून बघणाऱ्याला वाटावं, सातही बटणं लावलेली आहेत. नुसता तळवा फिरवला की शर्ट बंद. इतकं सफाईदार काम की सख्ख्या मेव्हण्यालाही पत्ता लागला नव्हता. टेलरचा शर्ट उघडा राहिलेला कुणी बघू नये, एवढीच त्यांची जिद्द. तपासणीला गेले तेव्हा हे सांगायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आपण होऊन आपली शिवण कोण उसवून दाखवतं?

भत्ता नाही, म्हणजे बायकोला कपड्यांच्या कारखान्यात जाणं भाग होतं. जागा मिळत होती ती सकाळी सहाच्या पाळीत. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. सहाला ती मशीनवर बसली, तर या मुठी कोण उघडणार? दुपारपर्यंत मास्तरांनी पाण्याचा पेला कसा धरायचा, संडासाची कडी कशी काढायची? हे दोघांच्याही मनात होतं.

अपील करायला तीस दिवस होते. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "एक्स-रे आहेत हो तुमचे. त्यात आजार दिसतो. रोज काय काय अडतं, त्याचे पुरावे आणा."

घरी येऊन बायकोनं वही उघडली. "सांगा. काय जमत नाही?"

"सगळं जमतं."

"चहा?"

"पितो की!"

"दोन्ही तळव्यांत कप दाबून, वाकून. लिहिते मी. दाढी?"

"ते लिहू नकोस."

"दाढी मी करते," ती लिहिता लिहिता बोलली. "आणि गालावर कापलं की शिव्याही मीच खाते."

असं पंधरा दिवस चाललं. रोजच्या एकेका ओळीवरून भांडण. तिसऱ्या दिवशी मास्तर जेवलेच नाहीत; तेही तिनं लिहिलं, कारणासकट. मग एकदा त्यांनी आपण होऊनच सांगितलं, "वरच्या फळीवरून मापांच्या वह्या काढ."

छाती, कमर, बाही, कॉलर. दर गिऱ्हाइकाचं एक पान. जुन्या वहीतले आकडे शिस्तीत उभे. पुढच्या वहीत ते झुकायला लागले होते. त्यापुढच्या वहीत आठाचं तोंड उघडं पडलेलं, चाराचे हातपाय सुटलेले. एका पानावर तर पोस्टमनच्या नावाखाली बाहीचा आकडा मास्तरांना स्वतःलाच वाचता येईना. पुढच्या पानापासून बायकोचं अक्षर सुरू झालं होतं.

मास्तरांनी ते पान पोस्टमनपुढे धरलं. "खरं सांग. ही बाही किती निघाली होती?"

पोस्टमननं मान खाली घातली. मग दुमडलेल्या बाह्या सोडल्या. उजवी मनगटावर आली, डावी चार बोटं वरच अडकली.

"दोन वर्षं दुमडून घालतोयस?"

"वाईट वाटलं असतं तुम्हाला."

"वाईट काय वाटायचंय, लाज वाटतेय! हे लिहून दे. आणि शर्ट ठेवून जा."

"आता घरी उघडा जाऊ?"

"उद्या आण, शहाण्या."

सुनावणीच्या आदल्या दिवशी मेव्हणा आला. कचेऱ्यांतलं सगळं आपल्यालाच कळतं, असा त्याचा समज होता. "भाऊजी, दाढी वाढलेली असू द्या. मळका शर्ट घाला, छाती उघडी ठेवा. जरा कण्हा."

"मी मागायला नाही, भांडायला चाललोय," मास्तर म्हणाले. "अगं, पांढऱ्या शर्टाला इस्त्री कर. कडक!"

कचेरीत टेबलापलीकडे पहिली तपासणी करणाऱ्या त्याच मॅडम होत्या आणि शेजारी एक म्हातारे डॉक्टर. मॅडमनी दिनचर्या वाचली, वह्या चाळल्या, पोस्टमनच्या शर्टाच्या दोन बाह्या एकमेकींना लावून बघितल्या. मग चष्म्यावरून मास्तरांकडे बघितलं. "आजही अगदी व्यवस्थित आलात."

"मी टेलर आहे, मॅडम. गबाळा आलो असतो तर तुमचा विश्वास बसला असता, पण माझा मला राग आला असता. आता बघा."

त्यांनी पट्टीत अंगठा अडकवून खाली ओढला. खर्रर्र! सातही बटणं जागच्या जागी आणि शर्ट सताड उघडा. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, शर्टाची कड उलटून बघितली आणि त्यांच्या तोंडून "अरे वा" निसटलं.

"दुसरा काढ," मास्तर बायकोला म्हणाले. पिशवीत त्यांच्या चांगल्या दिवसांतला, न उसवलेला तो एक शर्ट होता. खरी काजं, खरी बटणं. तिनं तो त्यांच्या अंगात चढवला आणि सवयीनं तिचा हात कॉलरकडे गेला.

"तू बस. हात लावायचा नाही."

ती तळहात मांडीखाली दाबून बसली. मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पहिल्या बटणाला हात घातला. बटण दोन बोटांत आलं, निसटलं. अंगठ्यानं रेटलं, फिरलं. कडेवर चढलं, परत घसरलं. कपाळावर घाम आला. दोन मिनिटं गेली. चार गेली.

"पुरे, मास्तर," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"पुरे कसं? तुम्ही सात लिहिलीत. माझं अजून पहिलंच चाललंय."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. जुन्या अहवालावर आडवी रेघ मारून खाली चार ओळी लिहिल्या.

"वाचून दाखवा," मास्तर म्हणाले.

"एकही बटण स्वतः लावता आले नाही. कपडे घालणे, दाढी, जेवण यांसाठी रोज दुसऱ्याची मदत लागते. भत्ता मंजूर." त्यांनी सही केली, शिक्का उठवला आणि थबकल्या. "ते 'नीटनेटक्या पोशाखात' पण खोडते."

"ते राहू द्या," मास्तर म्हणाले. "ते खरं आहे."

बाहेर ऊन पडलं होतं. बस थांब्यावर बायकोनं त्यांची बटणं लावली, एक, दोन, तीन, भर रस्त्यात. मास्तरांनी या वेळी इकडेतिकडे बघितलं नाही.

"कारखान्यात काय सांगू?"

"सांग, सकाळची पाळी आधीच लागलीय मला."

"पगार कोण देतं त्याचा?"

"करंगळीला विचार."

दोघं घरी पोचली तर पुढच्या खोलीत सकाळच्या घाईत सांडलेल्या टाचण्या तशाच पडलेल्या. मास्तरांनी चुंबक बांधलेली काठी काखेत धरली आणि ती फरशीवरून फिरवायला लागले. टाचण्या टकटक करत चिकटत होत्या.

"मशीनखालीही बघा," ती आतून ओरडली.

"बघतोय," म्हणत मास्तर वाकले.