डाव्या हाताची अनामिका

अकराला टाइग किलीनला चर्चमध्ये शेवटचा निरोप द्यायचा होता आणि साडेनऊला सेननकाका सुरीला धार लावत बसले होते. मला ते लक्षण काही बरं दिसेना.

सेननकाका हेहिर आमच्या आयर्लंडमधल्या पश्चिम क्लेअरचे सुतार. टाइगची शवपेटीही त्यांनीच केली. कामातून उरलेल्या वेळात त्यांनी घरीच बॅगपाइप घडवली. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, आणि मांडीवर टेकवलेली भोकांची नळी. नळीची भोकं झाकणाऱ्या पितळी कळा मोडक्या नळांच्या, पिशवी कुणा मास्तरच्या दप्तराच्या कातड्याची. वाजवायला आणि नळीत सूर उठवणारी पत्ती बांधायला त्यांना टाइगनेच शिकवलं. त्या दिवशी नळीत बसवलेली, बोरूच्या दोन पात्यांची पत्ती टाइगने बांधलेली शेवटची होती.

आमच्याकडे वादकाला चर्चमध्ये निरोप देतो तो त्याचा शिष्य, संथ चाल वाजवून. ती चाल दोनदा वरच्या सप्तकात जाते. काकांची नळी तिथे पोचली की सूर लटपटायचा आणि धपकन खाली यायचा. चार दिवस हेच चाललं होतं.

"पत्ती जाड राहिलीय," काका म्हणाले. "दोन हात फिरवतो."

"आणि जास्त तासली गेली तर?" कॉन्सेप्टाकाकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं. "परत चिकटवायला टाइग येणार आहे का?"

"तू गप्प बस गं."

"बसते. पण आधीच्या तिन्हींची वाट तूच लावलीस, हे विसरू नकोस."

हे खरं होतं. टाइगच्याच तीन पत्त्या ओट्यावर पडल्या होत्या, तासून तासून पापुद्र्यासारख्या झालेल्या.

"एकदा पुन्हा वाजवा ना," मी म्हटलं. माझं वय बेचाळीस, मी शाळेत गणित शिकवते, पण त्या स्वयंपाकघरात माझा आवाज आजही शिकाऊ पोरीचाच निघतो. काकांनी वैतागून भाता दाबला. सगळी भोकं बंद केली, नळी मांडीवर दाबली, पिशवीला जोर दिला. सूर वर उडाला नाही, कण्हला. म्हणजे कुठेतरी हवा निसटत होती.

त्यांनी नळी खाली ठेवली आणि सुरी उचलली. तेवढ्यात मला त्यांचा हात दिसला.

नीट दाबलेल्या बोटावर भोकाचा गोल ठसा उमटतो. काकांच्या सगळ्या बोटांवर गोल होते. डाव्या अनामिकेवर मात्र अर्धीच कोर. गेल्या हिवाळ्यात बोरू चिरताना त्याच बोटात सुरी घुसली होती. जखम भरली, असं ते सांगत होते. बोट बधिर झालंय, हे सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. मला भीती वाटली, रागही आला, आणि सुरी पत्तीवर टेकली.

त्यांच्याकडे वाजवायला शिकले ती बारा वर्षं, मी पत्तीला दोष दिला की काका म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं. आधी बोटं बघ." मला तेच त्यांना सांगायचं होतं आणि जीभ उचलत नव्हती.

"काका," मी म्हटलं. "बोटं बघा."

सुरी थांबली. त्यांनी हात उलटा केला, खिडकीपाशी नेला. उजव्या हाताने त्या अनामिकेला चिमटा काढला. पुन्हा काढला, जोरात. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. काकूंनी तोंड फिरवून शेगडी पुसायला घेतली.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. काकांनी सुरी म्यानात घातली. भात्याचा पट्टा सोडला आणि सगळं वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं.

"मी? चर्चमध्ये?"

"टाइगच्या पत्तीला शाबूत बोटं हवीत. माझं गाऱ्हाणं ऐकायला ती बांधलेली नाही."

पट्टा माझ्या कमरेला दोन भोकं आत घ्यावा लागला. चर्चमध्ये चाल पहिल्यांदा वरच्या सप्तकात गेली. सूर उडाला आणि तिथेच उभा राहिला. दुसऱ्यांदाही राहिला. पहिल्या बाकावर सेननकाका खाली मान घालून बसले होते, आणि त्यांची बोटं गुडघ्यावर माझ्याबरोबर चालली होती, डावी अनामिकासुद्धा.

दफन झाल्यावर फाटकापाशी त्यांनी मला गाठलं. "तिसऱ्या ओळीत घाई केलीस."

"हो."

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी एकेक बोट उन्हात धरून तपासलं, डाव्या अनामिकेवर जरा जास्त थांबले.

"पूर्ण गोल आहे," ते म्हणाले, आणि आपला डावा हात कोटाच्या खिशात घातला.