आवाज गढूळ आहे

पुढे जे लिहितो आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही — आणि माझ्याविषयी तिला ठाऊक नाहीत अशा गोष्टी आता फार थोड्या उरल्या आहेत. तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा स्वतःचाच इतका वैताग आला आहे की तो कुठेतरी उतरवून ठेवल्यावाचून गत्यंतर नाही.

आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी अंबरनाथ पूर्वेला एका उपाहारगृहात जमतो. मिसळ येते, मग चहा येतो, आणि आठवडाभरात पाहिलेल्या चित्रपटांची उलटतपासणी सुरू होते. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कापडाचे दुकान चालवणारे सिंधी हरेशभाई गाण्यांवर बोलतात. बदलापूर गावातले म्हात्रे मारामारीवर बोलतात. उरलेले दोघे एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून सर्वांचा ‘सर’. मी शेवटपर्यंत गप्प बसतो, मग हरेशभाई टेबलावर बोटे आपटत म्हणतात, “चला साईं, आता सरांचा निकाल ऐका.” तो निकाल मी दुपारी व्यवस्थित लिहून काढतो आणि आमच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवतो. तो पुढे बदलापूरच्या कात्रप भागातल्या सोसायट्यांत फिरतो. अनोळखी माणसे मला रस्त्यात थांबवून विचारतात — जावे का, सर, या सिनेमाला?

आता एक लहान कबुली. मला नीट ऐकू येत नाही.

गेली तीन-चार वर्षे दोन्ही कान उतरत चालले आहेत. उल्हासनगरच्या तज्ज्ञांनी तपासून कानामागे बसवायचे यंत्र दिले. ते कपाटात मफलरीखाली पडून आहे. पत्नी म्हणते, “आपल्या टीव्हीवरच्या बातम्या सोसायटीच्या वॉचमनला पाठ झाल्यात, तुम्हालाच तेवढ्या कळत नाहीत.” वर्गात मी मुलांना तोंडी उत्तरांऐवजी फळ्यावर लिहायला लावू लागलो, तर पालकांना ती नवी अध्यापनपद्धती वाटली! आणि चित्रपट? बहुतेक मराठी चित्रपटांना हल्ली खाली इंग्रजी अक्षरे असतात. मी ती वाचत असे. इंग्रजी वाचून मराठी संवादांच्या ओघवतेपणाची तारीफ करत असे. जिथे अक्षरे नसत तिथे माझे एक ठरलेले वाक्य होते — आजकालचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. या वाक्याला आमच्या वयाचा माणूस कधीही हरकत घेत नाही. करून पाहा.

यंत्र का लावले नाही? कारण त्या टेबलावर माझी किंमत माझ्या कानावर होती. गाण्याच्या आरंभीचे दोन सूर ऐकून वाद्य ओळखणारा, चुकीचा उच्चार पडद्यावरून टिपणारा — ‘सरांचा कान’. तो कान यंत्राचा आहे हे हरेशभाईंना दिसले असते. बस, एवढेच. याहून मोठे कारण मी फार शोधले, सापडले नाही.

पण बहिरेपण हा काही गुन्हा नव्हे, आणि ते लपवणे हा फार तर मूर्खपणा. मी ज्यासाठी लिहायला बसलो ते हे नव्हे. ते — थांबा, क्रमाने सांगतो. क्रमाने सांगितले नाही तर मी पुन्हा निसटेन. मला ते चांगले जमते.

म्हात्र्यांची मुलगी प्राची. माझीच विद्यार्थिनी. त्यांच्या घरची बोली आगरी. तीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘कोण’चे ‘कोन’. आठवीत ती एकदा तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, सर, तुम्ही ‘न’ आणि ‘ण’ वेगळे म्हणता, मला ते एकच ऐकू येतात. पंधरा दिवस मी तिला रोज दहा मिनिटे ते दोन आवाज ऐकवले. एके दिवशी तिचा चेहरा असा उजळला की जणू खिडकीची काच कोणी पुसली. पुढे ती चित्रपटांचे ध्वनिसंयोजन शिकली. म्हात्र्यांच्या भावांनी घरात रान उठवले — पोरीला शूटिंगवर धाडतो म्हणून. शेवटी समझोता झाला: तीन वर्षे. तेवढ्यात तिचे काही झाले तर ठीक, नाहीतर काकांच्या फरशांच्या दुकानात बसायचे.

तिसऱ्या वर्षी तिने आवाज सांभाळलेला तो चित्रपट आला. वांगणीकडच्या एका गावात चित्रित केलेला, लहानसा, आगरी बोलीतला. बदलापूरला दिवसाचा एकच खेळ, तोही भर दुपारी. म्हात्र्यांनी आम्हा सर्वांना नेले. दारातच म्हणाले, “आपली पोर हाय या पिक्चरमदी. म्हंजे बघाची नाय हां, आयकाची!” आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच इतके हसले की डोळे पुसावे लागले.

त्या चित्रपटाला खाली अक्षरे नव्हती.

दोन तास पडद्यावर माणसे ओठ हलवत होती. मी चिडलो होतो — कोणावर, ते आता विचारू नका; तेव्हा मला वाटले, चित्रपटावर. इतके हळू का बोलतात? एकाने तरी ओरडून बोलावे की! मधूनच शेजारी पाहिले तर म्हात्रे डोळे मिटून बसले होते. ते झोपले नव्हते. ऐकत होते. शेवटी मुलीचे नाव एकटेच पडद्यावर आले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग आम्ही वाजवल्या.

बाहेर, दुचाकी लावल्या होत्या तिथे, ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “काय सर? कसा वाटला?”

मला ऐकू आले नाही, म्हात्रे — एवढे म्हणायचे होते. मी म्हणालो, “चित्रण सुरेख आहे. आवाज मात्र गढूळ आहे. संवाद पोचत नाहीत.”

हरेशभाईंना सुटल्यासारखे झाले. “हां ना! मला पण नाय समजला. मी बोललो माझीच मराठी कच्ची!” तिसऱ्याने मान हलवली. चौथा म्हणाला, त्यालाही मधेमधे वाटलेच होते. एका वाक्याने चार जणांचे कान खराब केले मी.

“आसा? मना तं समदा आयकाला आला,” म्हात्रे म्हणाले. आणि मग, खाली पाहत, “पन आपल्याला काय कलतंय त्यातला.”

तेव्हा तरी मी थांबलो का? संध्याकाळी निकाल लिहिला. ‘ध्वनीची बाजू या चित्रपटाचा घात करते’ हे वाक्य मी दोनदा घासूनपुसून लिहिले होते. त्याचा मला अभिमानही वाटला. चित्रपट आठवड्याने उतरला. तो माझ्यामुळे उतरला असे मी म्हणणार नाही — तेवढी माझी लायकी नाही, आणि तेवढा मोठा दोष अंगावर ओढून घेणे हीसुद्धा एक शेखीच. माझा दोष लहान आहे आणि नेमका आहे. तो पुढच्या बुधवारी घडला.

बुधवारी दुपारी प्राची घरी आली. लॅपटॉप आणि मोठे हेडफोन घेऊन. रागावलेली नव्हती — रागावली असती तर किती बरे झाले असते! वही उघडून समोर बसली. “सर, नेमकं कुठे गढूळ वाटलं ते दाखवाल? पुढच्या कामात मला सुधारायचंय.” तिने हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले आणि आवाज वाढवला.

आणि मला सगळे ऐकू आले.

विहिरीवरच्या रहाटाची करकर. लांब कुठेतरी कोंबडी. दोराला घासणारी बांगडी. आणि एक म्हातारी, सुनेकडे न पाहता, जवळजवळ श्वासातच म्हणते — पानी. तो ‘न’ इतका स्वच्छ होता, जिभेच्या टोकाचा, दातांमागचा. त्या मुलीने तो राखला होता, कोणा शहाण्याला ‘ण’ करू दिला नव्हता. कित्येक वर्षांत मी इतके नितळ काही ऐकले नव्हते. चित्रपटगृहातले दोन तास माझ्या कानांनी मला काय नाकारले होते, ते अर्ध्या मिनिटात कळले.

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. पेन्सिल हातात.

मी म्हणालो, “हे बघ. इथे. इथे शब्द बुडतो.”

हेच ते. यासाठीच इतके फिरून आलो. चित्रपटगृहाबाहेर मी खोटे बोललो तेव्हा निदान मला खरे ठाऊक नव्हते असे म्हणता येईल. या वेळी खरे माझ्या दोन्ही कानांत वाजत होते. ते वाजत असताना मी बोललो.

तिने हेडफोन घेतले, तेवढा तुकडा ऐकला. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या कपाळाला आठी पडली आणि ती हळूच म्हणाली, “हो सर. आता वाटतंय खरं. मला कळलंच नव्हतं.” तिने ते वहीत लिहिले. मी आणखी दोन जागा दाखवल्या. कोणी विचारले नव्हते. एकच जागा खोटी वाटली असती, म्हणून दाखवल्या. जाताना ती पाया पडली.

महिन्याभराने रविवारी म्हात्र्यांनी हसत सांगितले, पोरीने स्वतःचे कान तपासून घेतले. “डाक्टर बोलला, कान नंबर वन. तं पोर बोलते, म्हंजे कान नाय, माजा डोकाच कमी हाय.” सगळे हसले. मीही हसलो. नंतर तिला एक काम आले होते, ते तिने नाकारले. तीन वर्षे संपली. ती आता काकांकडे फरशा दाखवते; गिऱ्हाइकाशी फार नम्रपणे बोलते, म्हणे.

या गोष्टीला दीड वर्ष झाले. दर रविवारी म्हात्रे माझ्यासमोर बसतात. दर रविवारी मला बोलता आले असते. मी नटांच्या पुटपुटण्यावर बोललो.

गेल्या महिन्यात ते जांभळांची करंडी घेऊन घरी आले. आत बसले नाहीत, दारातच उभे राहिले. “बरा केलात सर,” ते जवळ येऊन म्हणाले, म्हणून ऐकू आले. “तोंडावर कोन बोलतं? तुमी बोललात म्हनून पोर टायमावर मागं फिरली.” मी करंडी घेतली. म्हणालो, मुलगी गुणी आहे. मग जिना उतरता उतरता त्यांनी पाठमोरे काहीतरी विचारले. ते मला कळले नाही. ते वळून माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा मी नेहमीसारखी मान हलवली. ते समाधानाने गेले.

काय विचारले होते ते मला या रविवारी म्हात्र्यांच्याच बोलण्यातून समजले. तिचे हेडफोन, ध्वनिमुद्रणाचे यंत्र, माइक — हे सगळे घरात ठेवून उगीच जीव अडकतो, तर कोणाला देऊन टाकू का? दिले. तिने विचारले, कोण म्हणाले? त्यांनी सांगितले, सरांनी हो म्हटले. मग तिने वायरी स्वतःच गुंडाळून दिल्या.

मी मान हलवली होती, हे खरे आहे.